ब्रेक दाबला की डावीकडे

सोमवार, ९ जून

प्रिय दादा,

ही फोनवर सांगायची गोष्ट आहे, पण आमच्या घरात हे ऐकणार नाहीत असा कोपराच नाही. पुढच्या खोलीत यांचं गॅरेज, मागच्या खोलीत संसार आणि मध्ये एक पडदा. लॅबमध्ये आमच्या मुख्य बाई कामाच्या वेळी फोन हातात दिसला की तोंडाने काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. तूही उत्तर लॅबच्या पत्त्यावर पाठव.

माझ्या स्कूटरच्या सीटखाली उंदीर शिरला होता आणि त्याने वायरींचा झुबका कुरतडला, हे तुला मागे सांगितलं होतं. यांनी तो भाग कापून नवीन तुकडा जोडला. दुपारी सुरू केलं आणि चहापर्यंत संपवलं. तेव्हापासून गाडीत भूत शिरल्यासारखं झालंय. पेट्रोलचा काटा सदा ‘भरलेली’वर. टाकी भरा, रिकामी करा, काटा जागचा हलत नाही. डावा इंडिकेटर लावला की मागचा ब्रेकचा लाल दिवा उघडझाप करतो. आणि ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर लागतो. म्हणजे मी थांबते, पण मागच्याला वाटतं मी डावीकडे वळते आहे.

शुक्रवारी काट्यावर विश्वास ठेवून निघाले. तीन घरचं रक्त घेऊन झालं आणि उड्डाणपुलाच्या चढावर गाडी बंद पडली. टाकी कोरडी. नमुन्यांची पेटी उराशी धरून पंपापर्यंत गाडी ढकलत नेली. बर्फ वितळायच्या आत लॅबला पोहोचले, पण बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

यांनी गाडी परत उघडली, परत जोडली. परत तेच. काल रात्री जेवताना म्हणाले, “घरची एक गाडी माझ्या हातून नीट होत नसेल, तर लोकांच्या गाड्यांना मी कोणत्या तोंडानं हात लावू? महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर शटर खाली.” रागाने म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते अगदी शांतपणे, भात कालवत म्हणाले. दादा, गॅरेज बंद करून हा माणूस घरात काय करेल, याचा विचारसुद्धा मला करवत नाही.

तुझ्याकडे हीच गाडी आहे. तू डोकं चालव. यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


शनिवार, १४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. आमच्या घरी ते आधी तुझ्या वहिनीने वाचलं, कारण पाकिटावर लॅबचा शिक्का होता आणि मी तिच्यापासून कुठला आजार लपवतो आहे हे तिला पाहायचं होतं. आजार स्कूटरला आहे म्हटल्यावर तिची थोडी निराशा झाली.

मी जन्मभर संस्कृत शिकवलं. वर्गात आता इतकी कमी मुलं उरली आहेत की हजेरी घेताना मान वर करावी लागत नाही. अशा माणसाला तू वायरिंगचं विचारतेस, यावरून तुझी अवस्था कळते. पण एक सांगतो. दोष शोधायची रीत आमच्याकडेही बरी आहे. आधी समोरच्याचं सगळं म्हणणं मांडायचं, मग त्यातलं एकेक खोडत जायचं. शेवटी जे खोडता येत नाही ते पत्करायचं. ते आपल्याला आवडो न आवडो.

तेव्हा आधी काट्याचं. माझ्या मते टाकीतला फ्लोट अडकला आहे. फ्लोट म्हणजे तो तरंगणारा डबा. पेट्रोल खाली गेलं की तोही खाली जातो आणि त्याच्या दांडीवरून काट्याला निरोप जातो. माझ्या गाडीचा असाच एकदा वर अडकला होता आणि मी महिनाभर स्वतःला श्रीमंत समजत होतो.

खात्री करायची तर अशी कर. सीट उचल. टाकीच्या डोक्यावर फ्लोटच्या वायरीचं एक छोटं कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा, असेल. चावी फिरवून ठेव आणि ते कपलर उपटून काढ. काटा ‘रिकामी’वर पडला, तर वायर ठीक आणि दोष टाकीत. मग मेहुण्यांना सांग, फ्लोट बदला. त्यांची अब्रूही राहील, कारण टाकीच्या आतलं कुणालाच दिसत नसतं.

ब्रेक आणि इंडिकेटरची अदलाबदल मला उंदराचंच काम वाटतं. कुठेतरी सालटं निघालेल्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असतील. त्याची जबानी घ्यायची राहून गेली.

आणि शटरचं फार मनावर घेऊ नकोस. मीही दर वर्षी राजीनामा द्यायचं ठरवतो. भात कालवतानाच.

तुझा,
दादा


गुरुवार, १९ जून

प्रिय दादा,

तू सांगितलंस तसं केलं. हे सुटे भाग आणायला बाजारात गेले होते तेवढ्यात. कपलर काढलं. काटा हलला नाही. ‘भरलेली’ म्हणजे भरलेली. मी दोनदा काढलं, दोनदा लावलं. म्हणजे तुझा फ्लोट निर्दोष सुटला.

नेमक्या त्याच वेळी हे परत आले. मी सीट उचलून गाडीत हात घातलेला. यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातलं कपलर घेतलं आणि लावून टाकलं. मग म्हणाले, “आता तूही?”

त्या संध्याकाळी त्यांनी सगळे जोड परत सोडले, परत टेप लावली. खोलीतला दिवा बदलून मोठा घातला आहे, तरी म्हणतात या दिव्यात दम नाही. वायरीच्या दुकानदाराच्या नावाने चाललं होतं. “हल्ली वायरींना रंग तरी धड देतात का. सगळं आपलं मळकट, पिवळट.” जोडणं संपलं. चावी फिरवली. काटा तिथेच.

आणखी एक. गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतले शिंपी त्यांची गाडी परत घेऊन आले. हॉर्न दाबला की पुढचा दिवा मंद होतो म्हणाले. हे हसून म्हणाले, “तुमची गाडी लाजते.” शिंपी हसले नाहीत. याआधी असं कधी झालं नव्हतं रे. लोक दुसरीकडे नाद सोडलेल्या गाड्या यांच्याकडे आणतात. हा डोळे मिटूनसुद्धा वायरीतला दोष शोधेल, असं म्हणतात.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मंगळवारी शाळेपाशी एक बाई रस्ता ओलांडत होत्या म्हणून मी ब्रेक दाबला. मागून दूधवाला येत होता. त्याला माझा डावा दिवा दिसला. त्याला वाटलं मी वळणार, म्हणून तो उजवीकडून पुढे निघाला. मी सरळच होते. त्याचं कॅन माझ्या हँडलला लागलं आणि मी पडले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. त्याचंच दूध जास्त सांडलं. तो बिचारा सारखं म्हणत होता, “ताई, तुम्ही वळणार होता ना?” मी काय सांगणार.

घरी सांगितलं, पाय घसरला.

थकले आहे. लवकर लिही.

धाकटी


मंगळवार, २४ जून

चि. धाकटीस,

कोपराला मलम लाव. आणि पुढचं पत्र येईपर्यंत ती गाडी चालवू नकोस. बसने जा. बाई घड्याळाकडे पाहतील. पाहू देत.

तुझं पत्र वाचून मी रविवारी सकाळी आमची गाडी उघडली. सीट काढली, खालचं झाकण काढलं, वायरींवरची टेप सोडली. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बंद पडलीय का?” म्हटलं, “नाही, चांगली चालते आहे.” यावर ती आत निघून गेली. असा संसार आहे.

गाडी आता बंद आहे. कसा कोण जाणे, माझ्या हातात एक स्क्रू जास्तीचा उरला आहे. पण जे पाहायचं होतं ते पाहून झालं आणि कागदावर रंगासकट उतरवून ठेवलं. सीटखालून मागे जाणाऱ्या वायरी: लाल, काळी, तपकिरी, निळी, हिरवी, पांढरी, पिवळी. निळी टाकीकडे जाते. हिरवी अर्थिंगची. पिवळी ब्रेकच्या दिव्याला, पांढरी डाव्या इंडिकेटरला. प्रत्येक ठिकाणी निळी निळीला, पांढरी पांढरीला. कारखान्यातून आली तशी.

आता तू एवढंच कर. मेहुणे दुपारी झोपतात ना? तेव्हा नवीन जोडलेल्या तुकड्यावरची टेप थोडी मागे सार आणि प्रत्येक जोडात कुठला रंग कुठल्या रंगाला लावला आहे ते लिहून पाठव. उजेडात बघ, दाराशी. तुझे डोळे अजून चांगले आहेत असं धरून चालतो.

कारण विचारू नकोस. माझी शंका चुकीची निघाली तर मला फार आनंद होईल, आणि मग माझी गाडी जोडायला तूच ये.

दादा


शनिवार, २८ जून

दादा,

पाहिलं. लाल लालला. काळी काळीला. तपकिरी तपकिरीला. पुढून आलेली निळी मागच्या हिरवीला आणि पुढची हिरवी मागच्या निळीला. पांढरी पिवळीला, पिवळी पांढरीला.

टेप इतकी सुबक लावली आहे की सोडताना वाईट वाटलं. प्रत्येक जोड पिळून, वर नळी घालून, अगदी यांच्या पद्धतीचा. काहीतरी कारण असल्याशिवाय हे असं जोडणार नाहीत. तुला काय वाटतं?

सोमवारी महिना संपतो. आज सकाळी त्यांनी शटरला तेल दिलं. वर्षभर कुरकुरत होतं, तेव्हा दिलं नाही.

धाकटी


बुधवार, २ जुलै

चि. धाकटीस,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा सरळच लिहितो.

मेहुण्यांचा हात चुकलेला नाही. चुकणारा हात कुठेही चुकतो. लालची काळी करतो, तपकिरीची पिवळी करतो. यांच्या चुका तशा नाहीत. लाल, काळी, तपकिरी बिनचूक. घोळ दोनच ठिकाणी आहे: निळी आणि हिरवी, पांढरी आणि पिवळी. टाकीची निळी अर्थिंगच्या हिरवीला लागली की काटा ‘भरलेली’वर चिकटून बसतो. परत उघडून परत जोडलं तरी घोळ तोच. जो मनुष्य प्रत्येक वेळी एकाच जागी चुकतो, तो चुकत नाही. त्याला ते तसंच दिसतं.

आमच्या शाळेचे ग्रंथपाल निवृत्तीच्या आधी निळ्या बांधणीची सगळी पुस्तकं हिरव्या कपाटात लावायचे आणि पोरांना ओरडायचे की कुणीतरी रोज पुस्तकं हलवतं. त्यांना मोतीबिंदू होता. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, हळूहळू, त्यामुळे माणसाला स्वतःला कळत नाही. पांढरं पिवळट दिसतं. निळ्यातला निळेपणा जातो. दिवा मोठा केला तरी दम नाही असं वाटतं. वायरी मळकट आहेत असं वाटतं. आता सोबत परत पाठवलेली तुझी मागची दोन्ही पत्रं माझ्या मागच्या पत्राशेजारी ठेवून वाच.

तुझी गाडी एका दुपारचं काम आहे. निळी निळीला आणि पांढरी पांढरीला लावली की झालं. पण मग शिंप्याची गाडी? आणि गेल्या काही महिन्यांत ज्या ज्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, त्या? तुझ्या कोपरावर निभावलं.

तुला खात्री करून घ्यायची असेल तर वायरीचे चार तुकडे घे, निळा, हिरवा, पांढरा, पिवळा. त्यांच्यापुढे टाक आणि म्हण, मला निळा द्या. मिनिटभराचं काम.

काळजी वाटते, म्हणून विनोद केलेला नाही. सवय सुटली असं समजू नकोस.

दादा


गुरुवार, १७ जुलै

प्रिय दादा,

उशीर झाला. तुझं पत्र पंधरवडाभर पेटीत, बर्फाच्या पिशव्यांखाली होतं. शाई थोडी पसरली आहे, पण वाचता येतं.

तुकड्यांची परीक्षा मी घेतली नाही. घेणारही नाही. तू मास्तर आहेस, तुला ते सोपं वाटतं. ज्या माणसाने मला गाडी शिकवली, त्याच्यापुढे मी चार वायरी टाकून रंग विचारू? त्यापेक्षा आणखी एकदा दुधाच्या कॅनवर पडेन.

महिनाअखेरीला शटर खाली आलं नाही. म्हणजे, मी येऊ दिलं नाही; आणखी एक आठवडा मागून घेतला. तुझं पत्र आलं त्या दिवशी लॅबमधून लवकर आले. हे गाडीसमोर पाट टाकून नुसते बसले होते. हातात पक्कड, पण काही करत नव्हते. मी शेजारी बसले. टेप सोडली. सगळे जोड मोकळे केले. मग एक वायर उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “ही निळी.” मागच्या बाजूची उचलून दिली, “ही पण निळी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही घेतल्या, पिळल्या, नळी घातली. मग हात पुढे केला. मी म्हटलं, “ही पांढरी.” हात पुढे. “ही पांढरी.” असे सगळे जोड झाले. शेवटचा झाल्यावर म्हणाले, “तुला कधी कळलं?”

मी म्हटलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“दिवाळं निघेपर्यंत कळून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं,” म्हणाले आणि चावी फिरवली. काटा अर्ध्यावर येऊन थांबला. टाकीत खरोखरच अर्धं पेट्रोल होतं. ब्रेक दाबला, लाल दिवा लागला. आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत बसलो, जणू पहिल्यांदाच पाहतोय.

तेव्हापासून रोज संध्याकाळी लॅबमधून आले की मी गॅरेजात बसते. हे काम करतात, मी रंग सांगते. गिऱ्हाईक असलं की नुसती वायर हातात देते, बोलत नाही. आमचं छान जमलं आहे. डॉक्टरांचं नाव काढलं की मात्र म्हणतात, “डोळे गेलेल्या मेकॅनिककडे कोण गाडी टाकेल? गल्लीत एकाला कळलं की सगळ्यांना कळलं.” त्यात खोटं काय आहे?

फक्त मी फार थकते रे. सकाळी रक्त, दुपारी लॅब, संध्याकाळी वायरी, मग स्वयंपाक. काल एका म्हाताऱ्या आजोबांच्या दंडाला रबर बांधून म्हटलं, “ही हिरवी.” ते म्हणाले, “काय हिरवी?” शीर म्हणायचं होतं.

धाकटी


सोमवार, २१ जुलै

धाकटे,

तू फार चांगली दुरुस्ती केली आहेस, आणि ती फार वाईट आहे. त्यांच्या वायरिंगमध्ये तू स्वतःलाच जोडून घेतलंस. तू एक दिवस आजारी पडलीस की पुन्हा ब्रेक दाबल्यावर डावीकडे. शिवाय संध्याकाळच्या गाड्या तुझ्यापुढे होतात. सकाळच्या कोण बघतं?

गिऱ्हाइकांना कळेल, हे खरं. पण आज जे रस्त्यावरून फिरताहेत त्यांना काही कळलेलं नाही, आणि त्यांच्यामागे दूधवाले आहेत. मेहुण्यांना हे माझ्या नावाने सांग. माझ्यावर रागावले तर चालेल. मेहुण्याने मेहुण्यावर रागावणं रीतसर असतं.

मी शुक्रवारी सुट्टी टाकून येतो आहे. शाळेला माझी गैरहजेरी जाणवायला दोन-तीन दिवस जातील. त्यांना दवाखान्यात मी घेऊन जातो. ते आत असताना गॅरेजच्या दारात मी बसेन आणि येणाऱ्याला सांगेन की मालक बाहेर गेलेत. ते खरंच असेल. मी गाड्यांना हात लावणार नाही, हे लेखी देतो. माझी गाडी अजून अंगणात उघडी पडली आहे आणि वहिनी तिच्यावर कपडे वाळत घालते.

पेटीतला बर्फ बदल आणि दोन दिवस संध्याकाळी नुसती झोप.

दादा


रविवार, १७ ऑगस्ट

प्रिय दादा,

तू गेल्यावर लगेच लिहिणार होते, पण इथे रोज काहीतरी चालू असतं. तुझ्यापुढे यांनी मान हलवली म्हणून ऑपरेशन तरी झालं; आता पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले उजवा डोळा उत्तम, डावा पुढच्या महिन्यात करून टाकू. हे म्हणाले, “डावा राहू द्या थोडे दिवस.” डॉक्टरांना वाटलं घाबरले. मलाही वाटलं.

घरी आल्यावर दाराबाहेरच्या बादलीपाशी उभे राहिले. एक डोळा झाकला. मग दुसरा. मग परत पहिला. मला हाक मारली. म्हणाले, “ही बादली याने निळी आहे आणि याने हिरवी. आणि मी इतकी वर्षं या हिरवीतून गाड्या धुतोय.”

दुसऱ्या दिवशी शिंप्याची गाडी बोलावली, मग भाजीवाल्याची, मग दवाखान्यातल्या दोन नर्सची. यांना जसं आठवेल तसं. एकेक सीट उचलतात. आधी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहतात, म्हणजे आपण काय पाहून काय जोडलं होतं ते कळतं. मग डावा झाकून उजव्याने नीट करतात. डावा यासाठी हवा आहे. म्हणतात, “चांगल्या डोळ्याला माझी चूक दिसते, पण ती मी कशी केली ते या वाईटालाच माहीत.” अशा वेळी तू हवा होतास. मी नुसतं पक्कड धरून ऐकलं.

लोकांना काय सांगायचं याची मी एक गोष्ट तयार करून ठेवली होती. वायर खराब निघाली, बदलून देतो. हे म्हणाले नको. शिंप्याला सरळ सांगितलं, “माझ्या डोळ्यात दोष होता, तुमच्या गाडीत नव्हता.” शिंपी म्हणाले, “माझ्याही आहे. सुईत दोरा बायको ओवते.” दोघं हसत बसले. भाजीवाला मात्र गाडी नीट करून घेऊन गेला आणि नंतर पंक्चरसाठीसुद्धा दुसरीकडे गेला, हे मी स्वतः पाहिलं. एक नर्स येते, दुसरी येत नाही. गॅरेज चालू आहे. पूर्वीसारखं नाही. पण शटर वर आहे.

बोलावता येण्यासारख्या सगळ्या गाड्या होऊन गेल्या. डाव्या डोळ्याची तारीख घ्या म्हटलं तर म्हणाले, “एक राहिली.” कुणी एक माणूस वाटेत गाडी बंद पडली म्हणून आला होता. या गावचा की नाही, माहीत नाही. नाव नाही, नंबर नाही, काही नाही. राखाडी गाडी होती एवढंच आठवतं, आणि सीटखाली तेच जोड मारले होते एवढं आठवतं.

आता रोज संध्याकाळी कुलूप लावलं की हे चौकात जाऊन उभे राहतात, सिग्नलपाशी. गाड्या येतात, थांबतात. कोणती थांबताना लाल दिवा देते आणि कोणती डावीकडचा, ते पाहत राहतात. पहिल्या दिवशी हवालदाराने विचारलं, कुणाची वाट बघताय. हे म्हणाले, एका गिऱ्हाइकाची. आता तो यांना जागा करून देतो.

काल जेवायला बोलवायला गेले. म्हटलं, “चला, आमटी गार होतेय.” म्हणाले, “एवढा सिग्नल सुटू दे.” मग आणखी एक. मी दिवसभर उभीच होते, पाय बोलत होते, पण उभी राहिले. दोघांचे मिळून तीन डोळे चांगले आहेत. त्यांनी रस्त्याची ती बाजू घेतली, मी ही घेतली.

राखाडी गाड्या किती असतात रे दादा. कधी लक्षातच आलं नव्हतं.

तुझी,
धाकटी